न्यू जर्सीतलं पंपकिन फार्म: कधी जावं, काय टाळावं, आणि त्या भोपळ्याचे घारगे होतात का?

केवडा
ऑक्टोबरात पंपकिन फार्मला, म्हणजे भोपळ्याच्या शेतावर फिरायला जायचंय. एडिसनहून तासाभराच्या आत पोचता येईल असं हवं. बरोबर तीन आणि सात वर्षांची मुलं, शिवाय पुण्याहून आलेले आजी-आजोबा. आजींचे गुडघे दुखतात. सगळे शाकाहारी, अंडंही चालत नाही. कधी जावं, काय बघावं, काय टाळावं? आणि घरी आणलेल्या भोपळ्याची भाजी होते, की तो नुसता शोभेचा?

पाणंद
आधी तारीख ठरवा, शेत नंतर. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार म्हणजे कोलंबस डेची सुट्टी. त्याला जोडून येणारा वीकेंड आणि पुढचे दोन शनिवार ही सगळ्यात वाईट वेळ. शनिवारी ११ ते ३ मध्ये गेलात तर अर्धा दिवस पार्किंगच्या शेतात आणि डोनटच्या रांगेत जातो. रविवारी उघडताक्षणी पोचा, नाहीतर कामाच्या दिवशी दुपारी एकनंतर जा. कामाच्या दिवशी सकाळी मात्र नको, तेव्हा शाळांच्या पिवळ्या बस येतात आणि सगळे ट्रॅक्टर त्यांच्याच दिमतीला असतात.

महिन्याची सुरुवात बरी. झाडावर उशिराची सफरचंदं असतात, मका पुरता वाळलेला नसतो, भोपळे भरपूर. शेवटच्या आठवड्यात गर्दी ओसरते, पण उरलेले भोपळे वेडेवाकडे आणि मक्याच्या भूलभुलैयातल्या वाटा तुडवून चिखल झालेल्या. ऑक्टोबरच्या मध्यावर इथे सव्वासहाच्या सुमाराला सूर्यास्त होतो आणि लगेच गारठा पडतो. चारनंतर पोचण्यात अर्थ नाही.

तुमच्या टप्प्यात साउथ ब्रन्सविकचं व्हॉन थन, प्रिन्स्टनजवळचं टरह्यून ऑर्चर्ड्स आणि जरा लांब चेस्टरचं ऑल्स्टेड फार्म्स आहेत. तिकिटात काय धरलंय ते मात्र त्या त्या आठवड्याचं वाचा. वीकेंडला बऱ्याच शेतांवर वेळ नेमून दिलेलं ऑनलाइन तिकीटच लागतं, आणि भोपळ्याचे पैसे जवळपास नेहमीच वेगळे.

रातराणी
पाणंद यांच्या म्हणण्यात एक भर. काही शेतं दिवसा कुटुंबासाठी असतात आणि अंधार पडला की तिथेच हाँटेड हेराईड, म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून भुताखेतांची फेरी, सुरू होते. साखळी काढलेली करवत घरघरवत मुखवटेवाले ट्रॉलीच्या मागे धावतात. ट्रॅक्टर तोच असतो, तिकीट वेगळं. तीन वर्षांच्या पोराला चुकून संध्याकाळच्या फेरीत बसवलं तर त्याला पुढचे पंधरा दिवस झोप नाही. बुकिंग करताना ‘हाँटेड’, ‘फिअर’, ‘स्क्रीम’ यातलं काही नावात दिसलं की पुढे जाऊ नका.

बांधावरचा
मला हे तिकिटाचं प्रकरणच पटत नाही. माणशी वीस-पंचवीस डॉलर देऊन आत जायचं आणि तिथले भोपळे निम्म्या वेळा त्या शेतातले नसतातच. घाऊक बाजारातून मोठाल्या खोक्यांत आणून गवतावर मांडलेले असतात. ओळखायचं सोपं आहे: आसपास वेल दिसत नाही, जमीन नुकतीच कापलेली हिरवळ, आणि सगळे भोपळे एकाच मापाचे. खरं पीक असेल तर वाळके वेल पायात येतात, काही भोपळे अर्धे हिरवे असतात आणि जमिनीला टेकलेल्या बाजूला फिका डाग असतो. भोपळाच हवा असेल तर रस्त्याकडेच्या फार्म स्टँडवर थांबा, प्रवेश फुकट.

पाणंद
बांधावरचा, ते मांडणं खरंय, पण फसवणूक म्हणू नका. भोपळ्याला भुरी ही बुरशी फार लवकर लागते. पानं गेली की फळ उन्हात भाजतं, देठ सुकून गळतो. त्यात सप्टेंबरात पाऊस लागला तर खालून कुजतो. शिवाय हजारो माणसं वेलींतून चालली तर पीक राहायचं कुठे? म्हणून पीक एकीकडे आणि मांडणी दुसरीकडे. तिकीट भोपळ्याचं नसतंच; ट्रॅक्टर, मका, प्राणी आणि मुलांना मोकळं सोडता येईल अशा जागेचं ते भाडं. नुसता भोपळा हवा असेल तर तुमचंच बरोबर. पौंडाला साधारण ६० सेंट ते १ डॉलर असा भाव धरला तर २० पौंडांचा भोपळा १२ ते २० डॉलरला पडतो, आणि सुपरमार्केटात तेवढाच निम्म्यात मिळतो.

कणगी
भोपळा निवडताना मुलं आकार बघतात, तुम्ही देठ बघा. देठ टणक, निदान दोन-तीन इंच लांब, शक्यतो अजून हिरवट. सालीवर नखाने दाबून बघा: खूण उमटली तर कोवळा आहे, टिकणार नाही. मग उलटा करून बूड बघा, अंगठ्याला मऊ लागलं की ठेवून द्या. एवढासा मऊ डाग आठवड्यात वाटीएवढा होतो.

आणि देठाला धरून उचलू नका! फोटोसाठी सगळे हेच करतात. देठ उपटला की तिथे उघडी जखम होते, त्यातून बुरशी आत शिरते. शिवाय २० पौंडांचं धूड पायावर पडतं ते वेगळंच. खालून दोन्ही हातांनी उचला. शेताची हातगाडी आधीच धरून ठेवा, उशिरा गेलात तर एकही शिल्लक नसते.

घरी आणून थेट सिमेंटच्या पायरीवर ठेवू नका. खाली पुठ्ठा किंवा लाकडी फळी घाला, नाहीतर ओल धरून बुडातून सडतो. अख्खा भोपळा ५०–५५ फॅरनहाइटला, कोरड्या जागी दोन-तीन महिने राहतो. एकदा गोठला की मात्र संपलं. बाहेरून धड दिसतो, उन्हं पडली की आतून पाणी पाणी होतो.

केवडा
आणि भाजीचं? भाजीला यातला कुठला?

कणगी
हाच खरा प्रश्न. हॅलोविनला तोंड कोरायचा जो नारिंगी भोपळा, हाउडन किंवा त्याच्या जातीतला, तो खायचा नाही असं नाही, पण गर दोरेदार, पाणचट आणि बेचव. भाजीत टाकला की पाणी सुटतं आणि फोडी विरघळतात. मग लोक म्हणतात, अमेरिकन भोपळ्याला चव नाही. चूक भोपळ्याची नाही, जात चुकलेली असते.

आपला लाल भोपळा, म्हणजे डांगर, बहुतेक कुकुर्बिटा मोस्काटा या जातीचा. हाउडन हा कुकुर्बिटा पेपो, ती जात वेगळी. शेतावर मोस्काटा हवा असेल तर ‘लाँग आयलंड चीझ’ विचारा: चपटा, फिक्या बिस्किटी रंगाचा, चीझच्या चाकासारखा दिसतो म्हणून ते नाव. मेथीदाण्याच्या फोडणीची भाजी, दह्यातलं भरीत, सगळं याचं होतं. बटरनट हाही मोस्काटाच. गंमत अशी की डब्यात मिळणारा पंपकिन हाही नारिंगी भोपळ्याचा नसतो. इलिनॉयमधल्या मॉर्टन गावाच्या आसपास जो पिकतो तो डिकिन्सन जातीचा, म्हणजे पुन्हा मोस्काटा, आणि दिसायला फिका.

काबोचा गडद हिरवा, गर पिठूळ आणि कोरडा. सालीसकट खाता येतो. ‘शुगर पाय’ नावाचे दोन ते पाच पौंडांचे छोटे नारिंगी मिळतात, ते पेपो असले तरी बारीक गराचे, भाजीला चालतात. निळसर राखाडी जॅराडेल टिकतो फार आणि भरताला छान. सिंड्रेला नावाचा लालभडक चपटा दिसायला राजबिंडा, चवीला मध्यम.

शोभेच्या टोपलीत पट्ट्यापट्ट्यांचे, मस्से आलेले छोटे गोर्ड असतात, ते चुकूनही शिजवू नका. त्यांत कडू द्रव्य असतं, त्यानं उलट्या-जुलाब होतात. कडू दुधीचा जो धोका आपल्याकडे माहीत आहे तोच हा. कुठलाही भोपळा कापल्यावर कच्च्या गराचा कण जिभेला लावा. कडू लागला तर थुंका आणि सगळा फेका.

तूपसाखर
घारग्यांचं मी सांगते. काबोचा किंवा लाँग आयलंड चीझ भोपळा घ्या. २ वाट्या किसलेला भोपळा, १ वाटी चिरलेला गूळ. कीस चमचाभर तुपावर परता, वाफ आली की गूळ घाला आणि विरघळून जरा आळेपर्यंत ढवळा. पाणी घालायचं नाही. खाली उतरवून पूर्ण गार होऊ द्या. मग वेलदोडा-जायफळ, चिमूट मीठ, २ चमचे तांदळाची पिठी, २ चमचे गरम तेलाचं मोहन आणि मावेल तेवढी कणीक. साधारण सव्वादोन वाट्या लागते. घट्ट मळा, १५ मिनिटं झाका, प्लॅस्टिकवर खसखस पेरून जाडसर थापा आणि मध्यम आचेवर तळा.

बिघडतं ते तीन ठिकाणी. भोपळा पाणचट असला की कणीक साडेतीन वाट्या जाते आणि घारगे फिके, चिवट होतात. मिश्रण गरम असताना कणीक घातली तर आत्ता घट्ट वाटणारा गोळा अर्ध्या तासात सैल पडतो. आणि गुळाचा खडा राहिला तर तेलात तिथेच काळा डाग पडून घारगा फुटतो. कीस फ्रीजरमध्ये ठेवलेला असेल तर सुटलेलं पाणी फेकू नका, वेगळं आटवून गुळातच घाला. गोडी त्यातच असते.

रातराणी
अंडं चालत नाही म्हणालात म्हणून लिहिते. ॲपल सायडर डोनट हे फार्मचं मुख्य आकर्षण, आणि त्यात बहुतेक ठिकाणी अंडं असतं. तळण कशात आहे तेही विचारा, काही जुन्या जागी अजून डुकराची चरबी वापरतात. शेकोटीवर भाजायला देतात ते मार्शमॅलो जिलेटिनचे, आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होतं. मुलांच्या हातात पडणाऱ्या कँडी कॉर्न नावाच्या गोळ्यांमध्येही बहुधा जिलेटिन असतं. भाजलेलं कणीस, उकडलेले शेंगदाणे, सफरचंद हे बिनधोक. डबा चालतो का ते आधी बघून पराठे न्या, पिकनिकची बाकं बऱ्याच ठिकाणी असतात.

सायडर म्हणजे इथे न गाळलेला सफरचंदाचा रस, दारू नव्हे. दारूला ‘हार्ड सायडर’ म्हणतात, तीही शेजारच्याच काउंटरवर असू शकते. रस पाश्चराइज केलेला आहे का हे विचाराच. न केलेल्या बाटलीवर इशारा छापणं बंधनकारक आहे, पण ग्लासात ओतून देतात तिथे लेबल कुठलं दिसायला? खाली पडलेल्या फळांमधून ई. कोलाय हा जंतू येऊ शकतो. लहान मुलं, गरोदर बायका आणि वयस्कर माणसांनी पाश्चराइजच घ्यावा.

कॅरमेल लावलेलं सफरचंद घेतलंत तर त्याच दिवशी खा किंवा फ्रीजमध्ये ठेवा. काडी खुपसली की रस झिरपून कॅरमेलखाली साचतो आणि तिथे लिस्टेरिया हा जंतू वाढतो. २०१४ च्या शेवटी अमेरिकेत याच पदार्थातून साथ आली होती, माणसं दगावली.

गोठा
बकऱ्यांचा कुंपणवाडा तीन वर्षांच्या मुलासाठी सगळ्यात मजेचा आणि सगळ्यात जोखमीचा. निरोगी दिसणाऱ्या बकरीच्या, वासराच्या अंगावरही ई. कोलाय आणि साल्मोनेला असतात, आणि पाचाखालची मुलं त्यांनी जास्त आजारी पडतात. आत जाताना स्ट्रोलर, दुधाची बाटली, चोखणी, खाऊ काहीही नको. बाहेर पडल्यावर साबण आणि वाहत्या पाण्याने हात धुवायचे. सॅनिटायझर माखलेल्या हातावर नीट चालत नाही. नळ बहुधा गार पाण्याचे असतात आणि साबण दुपारपर्यंत संपतो, म्हणून कागदी साबणाची डबी खिशात ठेवा. क्रम असा: आधी प्राणी, मग हात, मग खाणं. डोनट हातात घेऊन बकऱ्यांकडे जाऊ नका, बकरी डोनटसकट पिशवीही ओढते.

दाणा द्यायचा तर तळहात सपाट, अंगठा चिकटवलेला.

मक्याच्या दाण्यांनी भरलेला हौद असतो, त्यात मुलं तासन् तास रमतात. पण दाणा नाकात किंवा कानात घालणारं वय नेमकं तीनच! एकाने शेजारी बसून राहायचं. बुटात शिरलेले दाणे गाडीत बसायच्या आधी झाडा.

बांधावरचा
तिकिटाला विरोध असला तरी मक्याच्या भूलभुलैयाबद्दल बोलतो, तेवढं खरंच बघण्यासारखं. पेन्सिल्व्हेनियात ॲनव्हिल गावी १९९३ साली आधुनिक कॉर्न मेझ पहिल्यांदा झाला असं धरतात. मका मुद्दाम उशिरा पेरतात म्हणजे ऑक्टोबरात उभा राहतो, आणि आडवा-उभा असा दोनदा पेरतात म्हणजे भिंत दाट होते. रोपं गुडघ्याखाली असतानाच नकाशाप्रमाणे वाटा कापून घेतात.

लोक सांगतात की उजवा हात भिंतीला लावून चालत राहा, सापडेल वाट. अर्धंच खरं. आत येण्याचा आणि बाहेर पडण्याचा रस्ता दोन्ही बाहेरच्या कडेला असतील तर या युक्तीने बाहेर नक्की पडता. पण आत जे कार्डावर शिक्के मारायचे खांब असतात ते बऱ्याचदा बाकीच्या मक्याशी न जोडलेल्या बेटांच्या कडेला असतात, आणि हात त्या बेटाला कधी लागतच नाही. सात वर्षांच्या मुलाला सगळे शिक्के हवे असणार, तेव्हा फाटकावरच्या नकाशाचा फोटो काढून घ्या.

स्ट्रोलर आत नेऊ नका. कापलेल्या ताटांचे खुंट चाकांत अडकतात. पानांच्या कडा धारदार असतात, पूर्ण बाह्या घाला. आणि कणसं तोडू नका: तो गुरांच्या खाद्याचा मका, दाणा दगडासारखा. भाजून, उकडून काही उपयोग नाही.

पाणंद
आजींसाठी: हेराईड म्हणजे ट्रॅक्टरला जोडलेली लाकडी ट्रॉली, बसायला पेंढ्याचे गठ्ठे. पायऱ्या उंच, कठडा असेलच असं नाही. उतरणं चढण्याहून कठीण, तेव्हा उतरताना तोंड ट्रॉलीकडे करून, शिडी उतरतो तसं उतरायचं. कडेला न बसता मधल्या गठ्ठ्यावर बसवा, धक्का कमी लागतो. काही शेतांवर रॅम्पची ट्रॉली असते, फोन करून विचारा. गठ्ठ्यावर टाकायला जुनी चादर न्या. पेंढा साडीतून टोचतो आणि धूळ-बुरशीने दम्याच्या माणसाला त्रास होतो. शौचालयं बहुतेक तात्पुरती डब्याची, पायरी उंच. येतानाच वाटेत एखाद्या दुकानात थांबून घ्या.

बूट जुने, घोट्यापर्यंतचे. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर पार्किंगचं शेत रुततं. उतारावर नाकासमोर गाडी घालू नका, रस्त्याकडे तोंड करून लावा.

आणि गोचिडी! थंडी पडली म्हणजे संपल्या असं नाही. हरणाच्या पूर्ण वाढलेल्या गोचिडी अमेरिकेच्या ईशान्येकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरातच जोरात असतात, लाइम रोग त्यांच्यातून येतो. घरी आल्यावर कपडे आधी ड्रायरमध्ये जास्त आचेवर १० मिनिटं, धुणं नंतर. मुलांच्या कानामागे, काखेत, गुडघ्यामागे, केसांत बघा.

समुद्रपक्षी
कॅलिफोर्नियातून एक भर. कोणी या दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, बे एरियात असेल तर हाफ मून बेचा महाभोपळा बघा. कोलंबस डेच्या सोमवारी वजनं होतात, पुढच्या वीकेंडला भोपळा महोत्सव. २०२३ मध्ये मिनेसोटाच्या ट्रॅव्हिस गिएन्जर यांचा भोपळा २,७४९ पौंड भरला, म्हणजे जवळपास १,२४७ किलो. तेव्हाचा जागतिक विक्रम. अटलांटिक जायंट ही ती जात. खायला अजिबात नाही, पण आत बसता येतं: कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातल्या विंडसर गावी असे भोपळे पोखरून लोक तळ्यात वल्ही मारत शर्यत लावत आले आहेत. आपली म्हातारी टुणुक टुणुक गेली ती जमिनीवरून, हे पाण्यातून. महोत्सवाच्या दोन दिवशी ९२ नंबरच्या रस्त्यावरून जाऊ नका, गाड्या जागच्या हलत नाहीत.

कणगी
कोरण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. हॅलोविनच्या तीन-चार दिवस आधी कोरा, त्याहून आधी नको. कोरलेला जेमतेम आठवडा टिकतो, गरमी असेल तर तीन दिवसही नाही. झाकण कापताना सुरी आतल्या बाजूला तिरकी धरा, सरळ कापलं तर झाकण आत पडतं. आतली भिंत चमच्याने खरवडून इंचभर जाडीची करा. स्वयंपाकघरातली मोठी सुरी मुलांच्या आसपास नको, संचातली बारीक दातेरी करवत पुरे, ती सालीत अडकून निसटत नाही. आत मेणबत्तीऐवजी एलईडी. कोरलेल्या कडांना व्हॅसलीन चोळलं तर सुकून आत वळत नाहीत. ब्लीचच्या पाण्याने पुसायचा सल्ला मिळेल, गॅलनभर पाण्यात चमचाभर. बुरशी लांबते हे खरं, पण मग तो भोपळा खारींना आणि कंपोस्टला घालू नका.

बिया फेकू नका. धुऊन मिठाच्या पाण्यात १० मिनिटं उकळा, पुसून कोरड्या करा, तेल-हळद-तिखट लावून ३५० फॅरनहाइटवर १५ ते २० मिनिटं भाजा. ओल्या राहिल्या तर चिवट होतात.

केवडा
सगळ्यांचे आभार. रविवार सकाळ ठरली, कोरायला एक आणि खायला काबोचा. आजी म्हणतायत, अख्खा भोपळा बाईने आधी कापायचा नसतो.

तूपसाखर
मग सुरी आजोबांच्या हाती द्या. पण काबोचाची साल दगडासारखी असते, थेट कापायला लावू नका. काट्याने पाच-सहा ठिकाणी खोल टोचून मायक्रोवेव्हमध्ये ३ मिनिटं ठेवा. टोचायचं विसरलात तर आत वाफ कोंडून फुटतो. खाली ओला नॅपकिन घाला म्हणजे सरकणार नाही, आणि देठाच्या शेजारून सुरी घाला, देठावरून नाही. अर्धा झाला की पुढचं आजी करतील.